चित्र आणि चित्राचा पत्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी बी.ए.ला होतो तेव्हाची गोष्ट. साताऱ्यातल्या एका ग्रंथालयात मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड ओळीनं लावलेले असत. हा कोश आमच्याच जिल्ह्यात, वाईला तयार होत होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक, आणि पहिला खंड निघाला १९७६ साली. मला त्यातल्या नोंदींपेक्षा नोंदीच्या शेवटी कंसात येणाऱ्या एका शब्दाचं आकर्षण जास्त होतं. तो शब्द म्हणजे ‘चित्रपत्र’. मजकूर साध्या कागदावर छापलेला, पण चित्रांना गुळगुळीत कागद लागतो, म्हणून ती वेगळी छापून खंडात दुसरीकडे घातलेली. ‘चित्रपत्र’ असं वाचलं की बोट त्या पानात अडकवून ठेवायचं आणि चित्र शोधत पुढे जायचं.

एकदा असाच मोठ्या उत्सुकतेनं गेलो, तर ते पानच जागेवर नव्हतं. कुणीतरी ब्लेडनं अगदी सफाईनं कापून नेलं होतं. नोंद शाबूत, ‘चित्रपत्र’ हा शब्दही शाबूत, फक्त चित्र तेवढं गायब. ग्रंथपालांकडे तक्रार केली, तर ते म्हणाले, “मजकूर आहे ना? मग काय अडलं?”

पस्तीसएक वर्षांनी हाच अनुभव पुन्हा आला, तोही हातातल्या मोबाइलवर. त्याची हकिगत सांगतो. संगणकशास्त्र माझा विषय नव्हे. मी कविता लिहिणारा माणूस, यमक जुळलं नाही तर फार तर मुक्तछंद करतो. पण या प्रकरणात माझं स्वतःचं काही अडकलं होतं, म्हणून भाच्याला समोर बसवून सगळं समजून घेतलं.

नोकरीनं मला सांगलीला आणलं. इथल्या आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाकडे कार्यक्रमांच्या फोटोंचा मोठा संग्रह होता. कविसंमेलनं, मुशायरे, वर्धापनदिन, नाटकांच्या तालमी असं सगळं त्यात होतं. माझे अब्बा पुस्तकबांधणीचं काम करायचे. १९७८ सालच्या एका समूहछायाचित्रात ते मागच्या रांगेत उभे होते. ते साताऱ्याहून खास त्या कार्यक्रमाला आलेले. अब्बांचे कामाच्या जगातले फोटो आमच्या घरात नाहीत. निकाहाचा एक आणि रेशनकार्डाचा एक, एवढेच. त्यामुळे तो फोटो माझ्यासाठी फार मोलाचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. वाचनालयाचा तळमजला कित्येक दिवस पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर कपाटं उघडली, तेव्हा अल्बमचा एकेक गठ्ठा झाला होता, फोटोला फोटो चिकटून. पण आम्ही फार रडलो नाही, कारण काही वर्षांपूर्वी उत्साही पोरांनी ते सगळे फोटो स्कॅन करून एका फुकट फोटो ठेवू देणाऱ्या संकेतस्थळावर चढवून ठेवले होते. वाटलं, कागद गेला तरी चित्र आहे. पुढे वाचनालयाचं छोटंसं मोबाइल अ‍ॅप तयार झालं. त्यात इतिहास, देणगीदारांची नावं, पुस्तकांची यादी आणि ‘छायाचित्रे’ नावाचं एक पान. मी मोठ्या हौसेनं ते उघडलं. तिथं एकाखाली एक करड्या रंगाच्या रिकाम्या चौकटी. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात फाटलेल्या कागदाचं एक बारीक चिन्ह.

गंमत म्हणजे ज्या मुलानं ते पान तयार केलं होतं, त्याच्या संगणकावर सगळे फोटो व्यवस्थित दिसत होते. तो म्हणे, “काका, तुमच्या फोनमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे.” हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. बँकेत ऐकलं असेल, नातवाकडून ऐकलं असेल. बहुतेक वेळा आपण ते मान्य करून गप्प बसतो. या वेळी मी गप्प बसलो नाही. पुण्यात नोकरी करणारा भाचा ईदला आला होता, त्याच्यापुढे फोन ठेवला. तो पहिल्या मिनिटाला जे म्हणाला ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं आहे. “मामू, त्या पानावर फोटो नाहीतच. फोटोंचे पत्ते आहेत.”

हे नीट समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. पुस्तकातलं चित्र हे पुस्तकाचाच भाग असतं. पुस्तक विकत घेतलं की चित्र आपलं. महाजालावरच्या पानाचं तसं नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन या विशीतल्या अमेरिकन तरुणानं असं सुचवलं, की पानाच्या मजकुरात एक खूण टाकायची आणि त्या खुणेत चित्र कुठं ठेवलं आहे तो पत्ता लिहायचा. पान उघडणारा प्रोग्राम तो पत्ता वाचेल, तिथं जाईल, चित्र घेऊन येईल आणि मजकुरात त्या जागी मांडेल. मोझॅक या ब्राउझरमध्ये ही सोय झाली आणि तीच पद्धत आजतागायत चालू आहे. चित्र त्याच संगणकावर असलं पाहिजे असं बंधन त्यात नाही. पान सांगलीत आणि चित्र सिंगापुरात असू शकतं. वाचणाऱ्याला दोन्ही एकत्रच दिसतात, त्यामुळे त्याला कळतच नाही की आपण दोन ठिकाणचा माल एका ताटात जेवतो आहोत.

सांगलीकरांना यासाठी हरिपूरची पेवं आठवावीत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जायची. पेवातली हळद वर्षानुवर्षं टिकते, तिला कीड लागत नाही, अशी त्यांची ख्याती. माल हरिपूरच्या जमिनीत आणि सांगलीच्या पेढीवर वहीत त्याची नोंद. व्यवहार नोंदीवर चालायचा आणि तो चोख चालायचा, जोवर पेवात हळद आहे तोवर. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. पेढीवरची नोंद काही पुसली गेली नाही. आमच्या अ‍ॅपमधले पत्तेही तसेच जागच्या जागी होते.

मग संगणकावर दिसतं आणि मोबाइलवर दिसत नाही, हे कसं? याची कारणं एकाहून अधिक निघाली, आणि आमच्या बाबतीत त्यातली तीन-चार एकत्र नांदत होती.

पहिलं कारण पत्त्याच्या अगदी सुरुवातीला होतं. महाजालावरचा पत्ता ‘एचटीटीपी’ नाहीतर ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनी सुरू होतो. हा शेवटचा ‘एस’ सुरक्षिततेचा. ‘एस’ नसेल तर पोस्टकार्ड, ‘एस’ असेल तर चिकटवलेलं पाकीट, असं समजा. पोस्टकार्ड वाटेतला कुणीही वाचू शकतो, त्यातली चार अक्षरं बदलूही शकतो. म्हणून मोबाइल बनवणाऱ्यांनी हळूहळू पोस्टकार्डं स्वीकारणंच बंद केलं. ॲपलनं २०१५ मध्ये आयफोनच्या नवव्या आवृत्तीपासून, तर गूगलनं २०१८ मध्ये अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून. अ‍ॅप करणाऱ्यानं मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय नव्या अ‍ॅपमध्ये ‘एस’ नसलेल्या पत्त्यावरचं काही उतरत नाही. संगणकावरचे ब्राउझर मात्र याबाबतीत बरीच वर्षं ढिले राहिले. आमचे फोटो चढवले तेव्हा जो तो पोस्टकार्डच वापरत होता. पत्ते तसेच नकलून अ‍ॅपमध्ये आले आणि फोननं ते मुकाट्यानं नाकारले. ‘नाकारले’ असं तरी म्हणावं की नाही! नुसती करडी चौकट.

भाच्यानं सगळ्या पत्त्यांत तो ‘एस’ घातला. काही चौकटी भरल्या आणि आमच्या घरात टाळ्या पडल्या. पण पुष्कळ रिकाम्याच राहिल्या.

दुसरं कारण अधिक मजेशीर आहे, आणि ते तुमच्याही कामाला येईल. आपण गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फोटो ठेवतो, ‘शेअर’ म्हणतो, आणि मिळालेली लिंक जिकडेतिकडे चिकटवतो. आपल्याला वाटतं ती फोटोची लिंक आहे. खरं तर ती असते एका पानाची, ज्या पानावर तो फोटो लावलेला आहे. माणसानं ती उघडली तर त्याला फोटो दिसतो, तो खूश. पण अ‍ॅप माणूस नाही. त्याला चित्राची फाइल हवी असते आणि हाती येतं बटणांनी भरलेलं अख्खं पान. भिंतीवर टांगायला तसबीर मागवली आणि दारात तसबिरीच्या दुकानाची पाटी येऊन पडली, तर तुम्ही काय कराल? अ‍ॅपही तेच करतं, काही टांगत नाही. आमच्याकडे नंतर आलेले काही फोटो असेच जोडले होते. शिवाय त्यांची परवानगी फक्त ज्यानं चढवले त्याच्यापुरती होती. तो स्वतःच्या संगणकावर स्वतःच्या नावानं आत शिरलेला, म्हणून त्याला दिसायचे. बाकी जगाला दार बंद. “माझ्याकडे तर दिसतं” या वाक्याचा उगम बहुतेक वेळा इथंच असतो. नाहीतर एकदा पाहिलेल्या चित्राची प्रत त्याच्या संगणकानं जपून ठेवलेली असते आणि तीच तो पुन्हा पुन्हा दाखवतो.

तपासायची युक्ती भाच्यानं दाखवली ती अगदी सोपी आहे. फोनवरच्या ब्राउझरमध्ये खासगी खिडकी उघडायची, म्हणजे आपली ओळख त्यात नसते, आणि तो पत्ता चिकटवायचा. पडद्यावर नुसतं चित्र आलं, आजूबाजूला काहीही नाही, तर पत्ता बरोबर. चित्राभोवती एखादं बटण जरी दिसलं, किंवा आत येण्यासाठी नाव विचारलं, तर तो पत्ता अ‍ॅपच्या उपयोगाचा नाही.

तिसरी भानगड नावांची. आमच्या पोरांनी प्रेमानं फाइलींना मराठी नावं दिली होती. मला ते ऐकून बरंच वाटलं. पण महाजालावरच्या पत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं प्रवास करत नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा टक्केचिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. ‘वाई’ हे आपलं एवढंसं नाव. पत्त्यात गेलं की सत्तावीस चिन्हांचं होतं! आजचे प्रोग्राम ही उलथापालथ सहसा नीट करतात. पण एखाद्यानं मध्येच चूक केली, किंवा नावात मोकळी जागा सोडलेली असली आणि पत्ता तिथंच तुटला, की चित्र हरवलंच. इंग्रजी नावांतही खोड आहे. शेवटी ‘जेपीजी’ मोठ्या लिपीत लिहिलं की छोट्या, याचा विंडोजच्या संगणकाला फरक पडत नाही. पण संकेतस्थळं ज्या लिनक्सच्या यंत्रांवर चालतात, त्यांना ती दोन वेगळी नावं वाटतात. मराठीचे शुद्धलेखन तपासणारे मास्तर एवढे कडक नव्हते.

उरलेल्या चौकटींपैकी काहींचं दुखणं आकाराचं निघालं. बारा मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून लहान दिसतो, कारण तो दाबून बसवलेला असतो. पडद्यावर दाखवताना मात्र तो उलगडावा लागतो. चार हजार गुणिले तीन हजार म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे ४८ मेगाबाइट जागा एका चित्राला. एका पानावर असे वीस फोटो लावले तर साध्या फोनची छाती फुटायची वेळ येते. म्हणून तो काही दाखवतो, काही सोडून देतो. पडद्यापुरती लहान प्रत करून लावली की काम भागतं. मूळ मोठी प्रत मात्र जपूनच ठेवायची. लहानातून मोठं पुन्हा निघत नाही, हे पुढे मला चांगलंच भोवलं.

आता शेवटचं कारण, ज्यात माझा फोटो अडकला होता. ते संकेतस्थळ फुकट होतं. फुकट म्हणजे काय? दुसऱ्याच्या पानावर दिसणारं प्रत्येक चित्र त्यांच्या यंत्रावरून जातं, त्याची वीज आणि वाहतुकीचा खर्च त्यांचा, आणि वाचक मात्र आपल्या पानावर. फार दिवस कोण पोसणार? म्हणून अशी ठिकाणं विचारणा सुरू करतात. चित्र मागायला आलेला ब्राउझर सोबत सांगतो, की मी अमुक पानावरून आलो. ते पान आपलं नसेल तर दार लावून घ्यायचं. (ही माहिती ज्या शब्दानं पाठवली जाते, तो ‘रेफरर’ हा इंग्रजी शब्द सुरुवातीलाच चुकीच्या स्पेलिंगनं लिहिला गेला, त्यात एक ‘आर’ कमी पडला. मग सगळं जग त्या चुकीवर उभं राहिल्यानं ती आता कुणालाच दुरुस्त करता येत नाही. मुद्रितशोधनात आयुष्य घालवलेल्यांनी हे ऐकून झोप उडवून घेऊ नये.)

अमेरिकेतल्या फोटोबकेट या कंपनीचं उदाहरण यात प्रसिद्ध आहे. लोकांनी वर्षानुवर्षं तिथं चित्रं ठेवून आपापल्या पानांवर जोडली होती. २०१७ मध्ये कंपनीनं फुकटची ही सोय काढून घेतली आणि वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. त्यानंतर मोटारी दुरुस्त करणाऱ्यांच्या, बागकाम करणाऱ्यांच्या, जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या असंख्य लेखांतली चित्रं नाहीशी झाली आणि त्या जागी कंपनीची सूचना दिसू लागली. त्याआधी २००९ मध्ये याहूनं जिओसिटीज बंद केलं, तेव्हा तर पानं आणि चित्रं दोन्ही गेली. यात कुणाला खलनायक करण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या कोठारात भाडं न देता ठेवलेल्या मालाचं कधी ना कधी हेच होतं.

विकिपीडियाची तऱ्हा थोडी निराळी आहे. मराठी विकिपीडियावरच्या लेखांतली बहुतेक चित्रं तिथं नसतातच. ती ‘कॉमन्स’ नावाच्या सामाईक भांडारात असतात. हे भांडार २००४ पासून चालू आहे आणि सगळ्या भाषांचे विकिपीडिया तिथूनच चित्रं घेतात. कास पठाराचा एक फोटो तिथं ठेवला तर तो मराठीत, कानडीत, जपानीत कुठंही लावता येतो. इथं पैशाची अट नाही, हक्काची आहे. चित्र काढणाऱ्यानं ते सर्वांना वापरायला दिलेलं असलं पाहिजे. दुसऱ्याचा फोटो उचलून ठेवला आणि ते उघडकीला आलं, की तो भांडारातून काढला जातो आणि त्याबरोबर सगळ्या भाषांतल्या लेखांतूनही जातो.

आमच्या संकेतस्थळावर दार लावलं होतं की मालच फेकून दिला होता, हे कळायला मार्ग नव्हता. भाच्यानं त्या पोरांपैकी एकाचा जुना ईमेल शोधला, परवलीचा शब्द बदलून घेतला आणि आत शिरला. दोन रात्री बसून त्यानं जे जे उतरवता आलं ते उतरवून घेतलं. पण १९७८ चा तो फोटो त्यात नव्हता. जागा भरली म्हणून जुन्यातल्या जुन्या फाइली काढून टाकल्याची सूचना त्या ईमेलवर कधीच येऊन पडली होती. वाचली कुणी?

मग त्यानं इंटरनेट अर्काइव्हकडे मोर्चा वळवला. सॅन फ्रान्सिस्कोची ही संस्था १९९६ पासून महाजालावरच्या पानांच्या प्रती काढून ठेवते. जुना पत्ता दिला की त्या त्या तारखेला ते पान कसं होतं ते दाखवते. आमच्या अल्बमचं पान तिथं मिळालं. मोठे फोटो जतन झाले नव्हते, पण पानावरच्या नखाएवढ्या प्रती होत्या. त्यात अब्बा होते. बोटाच्या पेराएवढ्या चित्रात तीस माणसं, आणि त्यात एक पांढरा ठिपका म्हणजे त्यांची टोपी. मोठं करायला गेलो की नुसते चौकोन. तरी मी ओळखलं. उभं राहण्याची ढब पुसली जात नाही.

आता वाचनालयाचे सगळे फोटो वाचनालयाच्याच पैशानं घेतलेल्या जागेवर आहेत. पत्ते ‘एस’ घालून, नावं साध्या इंग्रजी अक्षरांत, पडद्यापुरत्या लहान प्रती अ‍ॅपला जोडलेल्या. मूळ प्रती दोन हार्ड डिस्कवर. एक इथं, दुसरी साताऱ्याला माझ्या बहिणीच्या घरी, जिथं कृष्णेचं पाणी येणं शक्य नाही. दर सहा महिन्यांनी एकजण फोन हातात घेऊन प्रत्येक चौकट भरते की नाही ते पाहतो. त्याचा वार आणि महिना सूचनाफलकावर लिहिला आहे.

एक काम माझ्याकडे आलं. चित्राच्या पत्त्याबरोबर त्या खुणेत आणखी एक जागा असते, पर्यायी मजकुराची. काही कारणानं चित्र आलंच नाही तर हा मजकूर दाखवता येतो. आणि ज्यांना दिसत नाही, त्यांचा फोन हाच मजकूर वाचून दाखवतो. बहुतेक लोक ही जागा रिकामी सोडतात किंवा ‘फोटो १’ असं काहीतरी लिहून मोकळे होतात. रेडिओवर बोलणाऱ्याला हे काम परकं नाही. इथं तर चित्र कधीच नसतं, जे असतं ते शब्दांनीच उभं करावं लागतं. मी सगळ्या फोटोंसाठी एकेक दोन दोन ओळी लिहिल्या. माणसं ओळखायला म्हाताऱ्या सभासदांच्या घरी गेलो. दोघांनी एकाच माणसाला दोन वेगळी नावं दिली, त्यावर वाद झाला, चहा झाला.

नखाएवढ्या त्या फोटोसाठी असं लिहिलं आहे : वाचनालयाचा वर्धापनदिन, १९७८. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, पांढरी टोपी घातलेले, सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना बाजूच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघणारे, ते पुस्तकबांधणी करणारे माझे वडील.

भाचा म्हणाला, “मामू, जरा लांब झालंय.” मी त्यातला एकही शब्द कमी केलेला नाही.